ठाण्याच्या घरचं पाणी

आमच्या शेजारच्या नाना खांबेट्यांनी पन्नाशीला टेकल्यावर सायकल शिकायला घेतली, तेव्हा डोंबिवलीच्या आमच्या चाळीने त्यांची यथेच्छ टिंगल केली. मीही केली. नाना कल्याणच्या तारघरात तारमास्तर होते. लोकांच्या जन्ममरणाच्या बातम्या चार-पाच शब्दांत बसवून पाठवायच्या, या सवयीने घरीही ते तसंच बोलत. "सरोज, दूध आलं?" "नाही." "बरं." एवढ्यावर आमचं सकाळचं बोलणं संपे. असा माणूस एके दिवशी धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, एका हाताने सायकल आणि दुसऱ्या हाताने अब्रू सावरत चाळीमागच्या कापणी झालेल्या शेतात उतरला, तर हसू नाही तर काय करायचं?

निमित्त डॉक्टरांचं होतं. नानांची बायको, आमच्या काकू, आदल्या वर्षी विषमज्वराने गेल्या. एकुलती एक मुलगी उत्तरा लग्न होऊन ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ. नाना कामावरून आले की खुर्चीत बसत ते एकदम झोपायलाच उठत. वर्षभरात अंग सुटलं. जिना चढताना मध्येच थांबून कठडा धरायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, हातपाय हलवा, नाहीतर एक दिवस ते हलेनासे होतील. बदली होऊन गेलेल्या एका सहकाऱ्याची सायकल तारघराच्या पडवीत गंजत पडली होती, ती नाना घेऊन आले.

हे सगळं खरं. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते मला लवकरच कळलं, कारण उत्तरा माझी लहानपणापासूनची मैत्रीण, आणि आमच्या दोन घरांमधली भिंत एका विटेची. कारण होतं ठाणं.

तुम्ही म्हणाल, डोंबिवलीहून ठाण्याला गाडी नाही का? आहे. पण गाडीने आलेला बाप हा पाहुणा असतो. त्याने येण्याला काहीतरी कारण लागतं, सण लागतो, हातात काहीतरी लागतं. काकू गेल्यावर नाना एकदा लाडवांचा डबा घेऊन असेच गेले होते. उत्तराच्या सासूबाई, सुमतीबाई, दारात आल्या आणि म्हणाल्या, "या. काही विशेष काम काढलंत?" बाई दुष्ट नव्हत्या. त्यांच्या माहितीतले बाप मुलीच्या घरी विनाकारण जात नसत, म्हणून त्यांनी विचारलं. नानांकडे विशेष काम नव्हतं. मुलीला बघायचं होतं, पण ते दारात उभं राहून व्याहीणबाईंना कसं सांगणार? डबा देऊन ते लगेच परत फिरले.

"सायकलवाल्याचं तसं नसतं," नाना मला म्हणाले. "तो व्यायामाला निघालेला असतो. वाटेत घर लागलं, म्हणून डोकावतो. त्याला कोण विचारणार?"

त्यांच्या तोंडून एका दमात एवढे शब्द मी आधी कधी ऐकले नव्हते. त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं.

शेतात पडून पडून त्यांची कोपरं सोलली. धोतर साखळीत अडकून फाटलं, तेव्हा त्यांनी खाकी अर्धी चड्डी शिवून घेतली. त्या चड्डीखालच्या पांढऱ्याफटक पोटऱ्या बघून माझी आई पदराआड हसायची. पण सायकल तोलायला लागल्यावर नानांनी अंतर वाढवलं, ते मात्र शिस्तीने. आधी नुसतं मानपाड्यापर्यंत. तिथवर जाऊन येणं अंगवळणी पडलं, रात्री पोटऱ्यांत गोळे येईनासे झाले, की मगच पुढे. मग काटई. मग शीळ. जिथवर जायचं तिथे पोचल्यावर अंगात निम्मी ताकद उरलीच पाहिजे, हा त्यांचा नियम, कारण घर पुढे नसतं, मागे असतं. गुरुवारी सायकलला हात लावायचा नाही, पायांना सुट्टी. आणि वेगासाठी औटकी. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा, आमच्या वडीलधाऱ्यांना तो तोंडपाठ असे. नाना पायडल मारताना तो मोठ्याने म्हणत. पाढा सलग चालला तर वेग ठीक, आकडे तुटायला लागले तर वेग कमी करायचा. रस्त्यावरच्या गाडीवानांना वाटत असेल, हा माणूस एवढ्या उशिरा कुठल्या परीक्षेला बसतोय.

काटईच्या अलीकडे काळुरामचं शेत होतं. काळुराम आगरी, गडगडाटी आवाजाचा. नाना दिसले की बांधावरूनच हाक मारी.

"आज कवर जाताव, मास्तर?"

"शीळ."

"आन ठानं कवा?"

"बघू."

"पानी पिऊन जा."

नाना उतरत, काळुरामच्या ओट्यावर बसून पाणी पीत, गप्पा मारत. म्हणजे काळुराम मारी आणि नाना मान हलवत. आमच्याकडच्या काही म्हाताऱ्या मंडळींनी त्यावर नाकं मुरडली, पण नानांनी तिकडे लक्ष दिलं नाही. तहान लागली की पाणी प्यावं, एवढंच म्हणाले. त्यांचं हे वाक्य मी विसरले नाही.

शीळ सोडल्यावर मुंब्र्याच्या बाजूला रस्ता डोंगराच्या कडेला लागतो आणि चढतो. तिथे औटकी तुटायची. नाना उतरून सायकल ढकलत वर जात आणि परत फिरत. असे बरेच दिवस गेले. मग पाऊस आला, रस्त्याचा चिखल झाला, आणि कमावलेलं सगळं गेलं. दसऱ्यानंतर त्यांनी पुन्हा मानपाड्यापासून सुरुवात केली. मला वाटलं होतं, सोडतील. पण माणूस चिवट. थंडी पडेपर्यंत मुंब्रा ओलांडला, आणि एका रविवारी कळव्याच्या पुलापर्यंत पोचले. खाडीपलीकडे ठाणं दिसत होतं. पोचले, आणि परत आले.

मी अवाकच झाले. "नाना, मुलीचं घर हाकेवर होतं की."

"निम्मी ताकद उरली नव्हती."

असा हा माणूस. नियम म्हणजे नियम. त्या वेळी मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

पुढच्या महिन्यात ते टेंभी नाक्याला पोचले. उत्तरा अंगणात वाळवण घालत होती. तिने मान वर केली, तर समोर अर्ध्या चड्डीतले, घामाने निथळणारे वडील. ती मला नंतर सांगत होती, आधी हसू फुटलं आणि हसता हसता रडूच आलं. सुमतीबाई बाहेर आल्या. "या. काही विशेष?"

"व्यायाम," नाना म्हणाले. "सहज डोकावलो."

सुमतीबाई एवढ्या लांबून सायकलवर आलेल्या व्याह्यांकडे जरा आदरानेच बघायला लागल्या. उत्तरा धावत आत गेली आणि गूळपाणी घेऊन आली. नानांनी हात आडवा केला. मग उठून सायकलपाशी गेले. हँडलला जाळीच्या पिशवीत त्यांचा फिरकीचा तांब्या लटकवलेला होता, प्रवासात नेतात तसला, झाकण फिरवून घट्ट बसवायचा. त्यांनी झाकण फिरवलं आणि मुलीच्या ओट्यावर बसून डोंबिवलीहून आणलेलं पाणी प्यायले.

नातवंडाचं तोंड बघेपर्यंत बापाने लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही जुनी रीत. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांतून ती तेव्हाच मोडत आली होती. माझे वडील तर माझ्या बहिणीच्या सासरी चहा मागून घेत. नाना काही फार कर्मठ नव्हते. मी त्यांना सरळ विचारलं, की काळुरामकडचं पाणी चालतं, मग उत्तराकडचं का नाही?

ते म्हणाले, "बायको नाही घरात. लोक म्हणतील, जेवायला जातो."

"पाण्याने पोट भरतं का?"

"आज पाणी. उद्या चहा. परवा पान वाढतील. तिला ऐकून घ्यावं लागेल."

म्हणजे बघा, ती रीतही त्यांनी मुलीसाठीच धरलेली. जात आड येत नव्हती, मुलगी येत होती. आणि हे सगळं प्रेमापोटी, म्हणून तर त्यावर रागावताही येत नव्हतं. मी रागावले, ती गोष्ट वेगळी.

तरी ते दिवस चांगले गेले. एक रविवार सोडून एक रविवार नाना ठाण्याला जात. पहाटे निघत, ओट्यावर घटकाभर टेकत, दुपारच्या आत परत. पोट गेलं, मांड्या कसल्या, चेहरा उन्हाने तांबूस झाला. डॉक्टर दुसऱ्या पेशंटना नानांचं उदाहरण देत. उत्तराचा नवरा सुधीर मुंबईला नोकरीला, स्वभावाने गरीब. सासऱ्यांची सायकल पुसून ठेवी, चाकात हवा भरून देई. उत्तरा ओट्यावर वडिलांशेजारी बसून निवडटिपण करी. दोघं फार बोलत नसत. ती दर वेळी पाणी आणी, नाना दर वेळी हात आडवा करत. सुरुवातीला ती थट्टा करायची, "नाना, आमच्या नळाला काटे आहेत का?" मग थट्टा थांबली. मग पाण्याचा पेला नुसताच येऊ लागला आणि तसाच आत जाऊ लागला.

कारण वर्षं जात होती आणि उत्तराला मूल होत नव्हतं.

हे आमच्या कुणाच्या लक्षात यायला हवं होतं? नानांच्या. पण नाना पायडल मारत औटकी म्हणण्यात गुंग. एका रविवारी ते मुंब्र्याची अख्खी चढण न उतरता, पाढा न तोडता चढून गेले. टेंभी नाक्याला पोचले ते लहान मुलासारखे खूश. त्या दिवशी सुमतीबाईंकडे त्यांची एक चुलतजाऊ आलेली होती. उत्तराने नेहमीप्रमाणे पेला आणला, नानांनी नेहमीप्रमाणे तांब्याचं झाकण फिरवलं. चुलतजावेने विचारलं, "व्याही इकडचं पाणी घेत नाहीत वाटतं?"

सुमतीबाई म्हणाल्या, "नातवंड झाल्याशिवाय कसं घेतील? रीत पाळतात हो ते. आम्हीही वाटच बघतोय."

आवाज चढवला नव्हता, टोमणाही नव्हता. जावेने उत्तराकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. उत्तरा पेला हातात घेऊन तशीच उभी. नाना चढणीची हकिकत सांगत होते. सांगण्याच्या भरात तांब्या ओट्यावरच विसरून निघाले. घरी आल्यावर मला म्हणाले, "व्याहीणबाईंनी आज कौतुक केलं. रीत पाळतो म्हणून."

त्याच आठवड्यात दिवाळीला उत्तरा माहेरी आली. मी त्यांच्याकडे करंज्या लाटायला बसले होते, म्हणून हे माझ्या समोर झालं. ती तळता तळता एकदम थांबली, कढई खाली उतरवली आणि म्हणाली, "नाना, पुढच्या वेळी याल तेव्हा माझ्या हातचं पाणी प्या. नाहीतर येऊ नका."

नानांनी चष्मा काढला. "काय झालं?"

मग तिने सांगितलं. तुम्ही पंधरा दिवसांनी येता आणि सगळ्यांसमोर तुमच्या पाण्याचं झाकण उघडता. तेवढं उघडलं की घरात सगळ्यांना आठवतं, हिला मूल नाही. मधले दिवस मी कशीतरी विसरते, त्यांनाही विसरायला लावते. तुम्ही आलात की पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं ती शांतपणे बोलली. रडली असती तर बरं झालं असतं.

नानांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "आता प्यायलो तर काय अर्थ होईल?"

"काय होईल?"

"की बापानेही आशा सोडली. तुझ्या सासूबाई तेच म्हणतील. तूही."

उत्तराने कढई पुन्हा चुलीवर ठेवली. मी एरवी कुणाचं ऐकून घेणारी नाही, पण लाटणं हातात धरून नुसती बसून राहिले. पहिल्याच दिवशी प्यायले असते, तर ते नुसतं पाणी झालं असतं. इतक्या वर्षांच्या नकारानंतर त्या पेल्यात काय काय साठलं होतं, ते आता कुणाला पिता येणार नव्हतं.

"विचार करतो," नाना म्हणाले.

त्यांनी खरंच विचार केला. फार केला. त्यानंतरच्या रविवारी ते पहाटे निघाले आणि नेहमीपेक्षा लवकर परत आले. मी विचारलं, "कुठवर?"

"कळव्याचा पूल."

"ताकद उरली नव्हती?"

"होती," ते म्हणाले आणि आत गेले.

बरेच रविवार ते पुलापर्यंत जाऊन परत आले. मला हे बघवत नव्हतं. मी त्यांना सांगितलं, अर्थ गेला खड्ड्यात, जा आणि प्या. त्यांनी मान हलवली. मग पुलाऐवजी मुंब्र्यावरूनच परत फिरायला लागले. पुढच्या वर्षी शिळेपर्यंतच. अंतर जसं टप्प्याटप्प्याने वाढवलं, तसंच ते टप्प्याटप्प्याने उतरलं. काटईला काळुराम विचारायचा, "मास्तर, ठान्याला नाय जात आता?" नाना म्हणायचे, "पाय दुखतात." पाय दुखत नव्हते. औटकी म्हणणं मात्र थांबलं होतं, मुकाट्याने पायडल मारायचे. उत्तरा सणाला आली की म्हणे, "नाना, तुमचा तांब्या आमच्याकडे राहिलाय." ते म्हणत, "असू दे." दोघंही एकमेकांवर जीव टाकणारी, आणि दोघांमध्ये एक तांब्या. शेवटी सायकल जिन्याखाली गेली, तिच्यावर कुणीतरी गोणपाट टाकलं, आणि नाना पुन्हा खुर्चीत बसायला लागले.

डॉक्टर म्हणाले होते तेच झालं. एका सकाळी नाना अंथरुणातून उठेनात. उजवी बाजू गेली होती. वाचाही गेली, दोन-चार शब्द तेवढे उरले. उत्तरा आली आणि राहिली. सुमतीबाईंनीच तिला पाठवलं, हेही सांगायला हवं. काळुराम काकड्यांची टोपली घेऊन बघायला आला, दारात उभा राहून डोळे पुसत होता. "रस्ता सुना केला मास्तरनी," मला म्हणाला.

एक दिवस उत्तरा मला नानांजवळ बसवून सकाळच्या गाडीने ठाण्याला गेली. कपडे आणायला गेली असेल, असं मला वाटलं. दुपारी परतली ती हातात फिरकीचा तांब्या घेऊन. चिंचेने घासून लख्ख केलेला. ती नानांच्या उशाशी बसली, झाकण फिरवून काढलं आणि म्हणाली, "नाना, हे ठाण्याचं पाणी आहे. माझ्या घरचं. मला मूल होणार नाही, हे मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. त्याची वाट बघू नका आता. माझ्यासाठी प्या."

नाना तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड उघडलं. ती चमच्याने घालत होती, थोडं ओठाच्या कडेने ओघळत होतं, ती पदराने टिपत होती. घाई कुणालाच नव्हती. दिवेलागणीपर्यंत असंच चाललं. चमचा तळाला लागला, तेव्हा नाना स्पष्ट म्हणाले, "आणखी."

उत्तराने तांब्या वाकडा करून पाहिला. थेंब नव्हता. मी उठून आमच्या माठातलं पाणी भरून आणलं. नानांनी डावा हात उचलला आणि आडवा केला.

"हे नकोय त्यांना," उत्तरा म्हणाली. मग वाकून त्यांच्या कानाशी म्हणाली, "उद्या आणते, नाना."

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीने गेली आणि तांब्या काठोकाठ भरून आली. तोवर नाना गेले होते. ते पाणी आम्ही दोघींनी तुळशीला घातलं.